दहाव्या दिवसाची भूक

प्रिय लेकरा,

तुझ्या कादंबरीचा खर्डा वाचला. जायकवाडी धरणाच्या नाथसागरात बुडालेल्या गावचा म्हातारा मरतो नि यमलोकाच्या वाटेला लागतो, ही कल्पनाच मला फार आवडली. पण मधल्या प्रकरणांत दरबार, सिंहासनं, सोन्याचे दरवाजे यांची इतकी गर्दी झालीय, की म्हातारा दिसेनासा होतो. तिथं काहीही घडू शकतं, म्हणून वाचताना कशाचीच धास्ती वाटत नाही. परलोक कल्पनेतला असला तरी तिथला कायदा पक्का हवा.

गरुडपुराणातला प्रेतखंड काढ. लेकानं दिलेल्या रोजच्या पिंडातून मेलेल्याचा नवा देह घडतो. पहिल्या दिवशी डोकं, मग मान-खांदे, असं करत आठव्याला गुडघे, नवव्याला पाय. दहाव्या दिवशी भूक आणि तहान! पुढं ८६,००० योजनं वाट, वाटेत सोळा नगरं, आणि पोटाला घरच्यांनी मागं दिलं तेवढंच. हल्ली बरेच जण सगळं दहाव्यालाच उरकतात, तरी कथेत तू रोजचा पिंड ठेव. म्हाताऱ्याच्या लेकाला पुण्याच्या कंपनीत रजा मिळत नाही, हे तूच लिहिलंयस. तो आठव्या दिवशीच निघून गेला तर बापाला पाय कुठून येणार? तुझी खरी गोष्ट इथं सुरू होते.

पैठणला घाटावर जाऊन ये. लांब बैस, वही काढू नको. कावळा शिवेना की माणसं हात जोडून बोलू लागतात, ‘धाकलीचं लग्न करतो, काळजी करू नका.’ हे प्रकरण म्हाताऱ्याच्या बाजूनं लिही. सगळे भलतंच कबूल करतायत, त्याला हवं ते कुणाच्याच तोंडी येत नाही.

त्याच पैठणात नाथांची आख्यायिका आहे. श्राद्धाचं अन्न त्यांनी भुकेल्या अस्पृश्यांना वाढलं, ब्राह्मण रुसले, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले. तुझ्या कादंबरीत जात कुठंच नाही. आपल्याकडं कित्येक गावांत अजून स्मशानं वेगळी आहेत, मग त्या वाटेवर सगळे एका रांगेत कसे? हे टाळू नकोस, अवघड आहे तरी.

चित्रगुप्ताचा संगणक मात्र काढून टाक. धरण १९७६ ला पुरं झालं, त्याआधीचं गाव पाहिलेली माणसं अजून आहेत. आजीला विचार, घर कुठल्या आळीला होतं, विहीर कुणाची होती. पुढचा खर्डा पितृपक्षाआधी पाठव.

तुझा,
काका