ओटीटीचे ग्राहक एवढे वाढताहेत, पण यातल्या कंपन्या टिकणार किती?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. दर तिमाहीला ओटीटीवाले, म्हणजे इंटरनेटवरून मालिका-सिनेमे-सामने दाखवणाऱ्या कंपन्या, लाखो-कोटी नवे ग्राहक सांगतात, तर दहा वर्षांनी त्यातलं कोण उरेल? निव्वळ मराठी ओटीटी चालू शकेल का? आणि आज वर्षाचा पॅक घ्यावा का? मी बीड जिल्ह्यातल्या माजलगावला केबलचा धंदा करतो. आता फायबरवर इंटरनेटही देतो आणि त्याच्या पॅकसोबत ओटीटीही विकतो. त्यामुळे कोण कधी पैसे भरतं आणि कोण कधी बंद करतं हे रोज बघायला मिळतं. त्या अनुभवावरून आणि कंपन्यांनीच जाहीर केलेल्या आकड्यांवरून सांगतो.

नवे किती आले यावरून कंपनी टिकेल का ते कळत नाही. जुने किती गेले आणि जे राहिले ते महिन्याला किती देतात, ते बघावं लागतं. केबलमध्ये हे आम्हाला फार आधीपासून माहीत आहे. दिवाळीत किती कनेक्शन जोडली याला आमच्याकडे फारशी किंमत नसते, जून-जुलैत पेरणीच्या तोंडावर किती बॉक्स चालू राहिले यावर लाईनमनचा पगार निघतो.

हॉटस्टारचं उदाहरण घ्या. डिस्नेच्या नावासह ते २०२०च्या एप्रिलमध्ये आलं आणि २०२२च्या ऑक्टोबरपर्यंत त्याचे पैसे भरणारे ग्राहक ६ कोटी १३ लाखांवर गेले. त्याच वर्षी जूनमध्ये आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचा लिलाव झाला. इंटरनेटवर सामने दाखवायचे हक्क रिलायन्सच्या वायकॉम१८ने २३,७५८ कोटी रुपयांना घेतले आणि २०२३चा पूर्ण हंगाम आपल्याच जिओसिनेमा ॲपवर फुकट दाखवला. त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर हॉटस्टारचे ग्राहक ३ कोटी ७६ लाखांवर आले होते. मधल्या काळात एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिकाही तिथून गेल्या, पण आमच्या भागात त्याने कोणी पॅक बंद केलेला मला तरी दिसला नाही. इथे सगळा खेळ क्रिकेटचा होता. सव्वादोन कोटींहून जास्त लोक गेले. ते हॉटस्टारचे ग्राहक नव्हतेच, आयपीएलचे होते. आयपीएल जिथे गेली तिथे तेही गेले.

पैशाची बाजू तर याहून अवघड आहे. २०२३च्या जानेवारी ते मार्च या तिमाहीत हॉटस्टारला एका ग्राहकामागे महिन्याला सरासरी ५९ सेंट मिळत होते, तेव्हाच्या भावाने साधारण ४८ रुपये. त्याच तिमाहीत अमेरिकेत डिस्नेच्याच डिस्ने प्लस या ओटीटीला एका ग्राहकामागे ७ डॉलर १४ सेंट मिळत होते. आता आयपीएलचे २३,७५८ कोटी पाच वर्षांवर वाटा, वर्षाला ४,७५० कोटी झाले. ४८ रुपयांनी एक माणूस वर्षाला ५७६ रुपये देतो. म्हणजे या दराने नुसते आयपीएलचे हक्क फेडायला सव्वाआठ कोटी ग्राहक बाराही महिने टिकायला हवेत. मालिका, सिनेमे, सर्व्हर, पगार हे सगळं त्याच्या वर. जाहिरातींचा आधार असतो हे खरं, तरी दोन मोठे खेळाडू एवढ्या कमी दरात एकमेकांसमोर फार काळ उभे राहणं शक्यच नव्हतं असं माझं मत आहे. १४ नोव्हेंबर २०२४ला हॉटस्टारवाले आणि वायकॉम१८ या दोघांचं विलीनीकरण पूर्ण झालं आणि २०२५च्या फेब्रुवारीत जिओहॉटस्टार सुरू झालं.

हे आमच्या गल्लीत कसं दिसतं तेही सांगतो. फायनल झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दुकानावर लोक यायला लागतात. "भाऊ, मॅची संपल्या, आता ते क्रिकेटचं काढून टाका, साधं नेट राहू द्या." माणूस नाराज नसतो, सेवेबद्दल तक्रारही नसते. त्याला जे पाहिजे होतं ते संपलेलं असतं, एवढंच. पुढच्या मार्चमध्ये हाच माणूस परत येतो आणि कंपनीच्या कागदावर 'नवा ग्राहक' म्हणून चढतो. तोच माणूस दर वर्षी नवा! वाढीचे आकडे वाचताना मला हे कायम आठवतं.

आमच्याकडे पैसा वर्षभर सारखा येत नाही, हे पुण्या-मुंबईत बसून पॅकचे दर ठरवणाऱ्यांच्या ध्यानात येत नसावं. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन मोंढ्यात येतं, मग कापूस निघतो, तेव्हा लोक थकबाकी चुकवतात आणि मोठा पॅकही घेतात. त्याच सुमारास धारूर, वडवणीकडची कितीतरी कुटुंबं उचल घेऊन ऊसतोडीला कारखान्यांवर निघून जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तेवढे महिने त्यांच्या घरचा बॉक्स बंद. २०२५च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिकं गेली, तेव्हा हातात पैसाच आला नाही. अशा वेळी लोक काय आधी बंद करतात याचा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात आधी ओटीटी, मग केबल, मग घरचं इंटरनेट. मोबाईलचा रिचार्ज शेवटपर्यंत चालू ठेवतात, एकवेळ छोटा मारतील पण मारतील. तुम्हाला कोण टिकेल हे ओळखायचं असेल तर या क्रमात ती कंपनी कुठे उभी आहे ते बघा. म्हणूनच मोठे ओटीटीवाले रिचार्जच्या आत शिरताहेत. २०२५च्या आयपीएलला जिओने २९९ आणि त्यावरच्या रिचार्जवर ९० दिवसांचं जिओहॉटस्टार दिलं. ग्राहक टिकवायची ही पद्धत चालते, पण असा ग्राहक मोजताना सावध राहा. त्याने ओटीटीसाठी वेगळा रुपया काढलेला नसतो. रिचार्जसोबत मिळणारं हे ओटीटी उद्या काढून घेतलं तर तो स्वतःच्या खिशातून पॅक मारेल का, हा खरा प्रश्न आहे.

गळतीचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा, वाढीच्या बातम्या वेगळ्याच वाटायला लागतात. समजा महिन्याला शंभरातले पाच जण सोडून जातात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हेच वर्षभर चाललं तर त्या शंभरातले ५४ उरतात, आणि शंभरचा आकडा नुसता कायम ठेवायला वर्षात साठ नवे शोधावे लागतात. एक ग्राहक सरासरी वीस महिने राहतो. गळती दोनवर आणली तर वर्षअखेर ७८ उरतात आणि एक ग्राहक पन्नास महिने राहतो. १४९ रुपयांचा पॅक धरला तर पहिल्याकडून आयुष्यभरात २,९८० रुपये मिळाले, दुसऱ्याकडून ७,४५०. दर तोच, कार्यक्रमांचा खर्चही तोच. नव्या माणसाला आणायला जाहिरात, सवलत, कमिशन लागतं, जुन्याला राखायला त्यामानाने फार कमी.

नेटफ्लिक्सला हे २०२२मध्ये सोसावं लागलं. वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे जगभरात २२ कोटी १८ लाख ग्राहक होते आणि पहिल्या तिमाहीत त्यातले दोन लाख कमी झाले. इतक्या मोठ्या डोंगरातले दोन लाख म्हणजे काहीच नाही, तरी शेअर एका दिवसात ३५ टक्के पडला, कारण दहा वर्षांत असं घडलं नव्हतं. पुढच्या तिमाहीत आणखी जवळपास दहा लाख गेले. मग त्यांनी जाहिरातींचा स्वस्त पॅक आणला, एकाच पासवर्डवर अनेक घरं बघत होती ते बंद केलं. भारतात तर त्याआधीच, २०२१च्या डिसेंबरात, मोबाईलचा पॅक १९९वरून १४९वर आणला होता. २०२४ संपताना ग्राहक ३० कोटींच्या वर गेले, आणि २०२५पासून त्यांनी दर तिमाहीला ग्राहकसंख्या सांगणंच थांबवलं. मिळकत आणि नफा बघा, असं आता ते म्हणतात. ओटीटीतल्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीनेच हा आकडा बाजूला ठेवला, यावरून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं.

ज्यांच्यामागे दुसरी कमाई आहे त्यांची गोष्ट निराळी. ॲमेझॉनला प्राइमच्या वर्गणीत घरपोच सामानाची ओढ आहे, जिओला रिचार्ज आहे. एखादं वर्ष कार्यक्रम फिके निघाले तरी घर चालतं. नुसत्या कार्यक्रमांवर उभ्या राहणाऱ्यांना ती सूट नाही. अमेरिकेत क्विबी नावाची मोबाईलवरच्या छोट्या भागांची सेवा पावणेदोन अब्ज डॉलर उभे करून २०२०च्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात बंद पडली. सीएनएन प्लस ही बातम्यांची सेवा तर २०२२मध्ये महिनाभरातच गुंडाळली. म्हणजे भांडवल असून भागत नाही.

आता मराठीचं. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आमच्या लाईनवर एखाद्या गल्लीची वायर संध्याकाळी तुटली तर पहिला फोन मालिका बघणाऱ्या घरातून येतो. "अरे बाबा, आठची लागायच्या आत चालू कर, काल नेमकं कुठं आणून सोडलंय!" मावशी भांडत नाहीत, पण पाच मिनिटांनी परत फोन येतो. क्रिकेटवाला दोन महिन्यांचा, या मावशी मात्र वर्षानुवर्षांच्या. पिकाला भाव नसला तरी त्या घरात दोनशे-अडीचशे रुपये कुठून तरी निघतात. रोज थोडं थोडं पुढे सरकणारी गोष्ट माणसाला जितकी धरून ठेवते, तितकी एका रात्रीत बघून संपणारी वेब सीरिज ठेवत नाही. सीरिजसाठी पॅक घेणारी पोरं ती संपली की निघून जातात. झी फाइव्हवर पैसे भरणाऱ्याला झी मराठीचा भाग टीव्हीच्या आधी बघायला मिळतो. माझ्या मते मराठीत पैसे काढायला लावणारी सगळ्यात भक्कम कल्पना आजवर हीच आहे, आणि स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर असणं हेही त्या कंपनीचं मोठं बळ आहे.

निव्वळ मराठीचा प्रयत्न झाला नाही असं नाही. प्लॅनेट मराठी २०२१मध्ये आलं. पण ज्याच्या हातात रोजच्या मालिका नाहीत, त्याला नवा ऐवज स्वतः बनवावा किंवा विकत घ्यावा लागतो, आणि महिन्याला एक-दोन नव्या गोष्टींवर माणूस बारा महिने थांबत नाही. बंगालीत होईचोई २०१७पासून आहे, पण ते काढणारी एसव्हीएफ ही मुळातच मोठी सिनेनिर्माती कंपनी, घरचा साठा हाताशी होता. शिवाय बांगलादेशातलेही प्रेक्षक आहेत. मराठी माणसाला हिंदी सहज कळतं, त्यामुळे त्याचं बाहेर भागतं. आणि आमच्याकडचा खरा प्रतिस्पर्धी तर ओटीटी नाहीच, तो यूट्यूब आहे. स्मार्ट टीव्ही आला त्या घरात सकाळी कीर्तन, दुपारी शेतीचे व्हिडिओ आणि रात्री गावरान विनोदी भाग, सगळं फुकट. त्यातला कितीतरी माल मराठवाड्याच्याच बोलीत, आमच्याच पोरांनी बनवलेला असतो. मराठी ओटीटीवर आमची बोली ऐकू येते ती नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी, याचं मला वाईट वाटतं. बीड-परभणीतल्या घराने पैसे द्यावेत असं वाटत असेल तर त्या घरातला माणूस गोष्टीच्या मध्यभागी पाहिजे.

तरी मराठी ओटीटी चालेल असं मला मनापासून वाटतं, पण त्याला वेगळं दुकान थाटून जमणार नाही. जुने सिनेमे आणि नाटकं यांचा भरपूर साठा, रोज येणारं काहीतरी, आणि केबलच्या किंवा इंटरनेटच्या बिलातच वीस-तीस रुपयांनी ते जोडलेलं असावं. वसुली आमच्यासारखे लोक दारात जाऊन करतातच. वेगळं ॲप, वेगळं लॉगिन आणि वेगळे पैसे म्हटलं की निम्मी घरं तिथेच थांबतात.

राहिला वर्षाचा पॅक. मोठ्या कंपनीचा घेत असाल आणि घरात रोज बघणारं कोणी असेल तर घ्या, महिन्यापेक्षा स्वस्तच पडतो. एका सामन्यांच्या हंगामासाठी किंवा एका सीरिजसाठी घेत असाल तर तीन महिन्यांचा पुरे. नव्या, छोट्या सेवेचे वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याने भरा. आवडली तर चालू ठेवा, त्यांनाही तुमचा बारावा महिना पहिल्यापेक्षा जास्त मोलाचा असतो. ऑटोपे लावला असेल तर पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी सूचना यायलाच हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज आला की दोन मिनिटं काढून, मागच्या महिन्यात घरात कोणी ते उघडलं होतं का, एवढं विचारून घ्या.