टेबलटॉप गेमसाठी कोकणासारखं काल्पनिक जग रचायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की मित्रांबरोबर रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायचा खेळ, सुरू करताय, तेच ते बर्फाळ डोंगर आणि ड्रॅगन नकोत, जग कोकण किनाऱ्यासारखं हवंय. पण नकाशा काढायला बसलं की पुढे काही सुचत नाही. माझं म्हणणं, नकाशा बाजूलाच ठेवा. एक खाडी घ्या, दोन्ही काठांना एकेक गाव, तोंडाशी जलदुर्ग आणि वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. सुरुवातीच्या बैठकींना एवढी जागा भरपूर होते. डोकं खर्च करायचं ते या जगात कुणाची सत्ता चालते यावर. कोकणात ती दोघांची: समुद्राची आणि ग्रामदेवतेची.

आधी समुद्र. आमच्या गटात गेम मी चालवतो आणि प्रत्येक बैठकीला तिथी ठरवून बसतो. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब सोपा आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी दहाच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार ओसरतही नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. तसा एक दुर्ग ठेवा आणि भांगाच्या दिवसांत त्याची वाट पुरती उघडतच नाही असा नियम करा. मग कैद्याला सोडवायला कधी शिरायचं यावर खेळाडू तासभर भांडतात, आणि आत उशीर झाला तर पुढची ओहोटी येईपर्यंत शत्रूच्या तटाआड लपून राहावं लागतं. राक्षस लागत नाही. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद, तेव्हा मोहीम आपोआप गावात आणि घाटाकडे वळते.

राजकारण हवं असेल तर परवान्यांवरून सुरू करा. पोर्तुगीज आपल्या परवान्याशिवाय जहाजं फिरू देत नसत, आणि पुढे कान्होजी आंग्रे स्वतःचे दस्तक देऊ लागले. खेळाडूंच्या गलबतावर एकाचा परवाना आहे आणि समोरून दुसऱ्याचा गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, येतोय, एवढ्यावर एक अख्खी संध्याकाळ निघते.

सड्यासाठी राजापूर तालुक्यातलं देवाचे गोठणे आठवा. तिथल्या कातळशिल्पापाशी होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं, हे खरं आहे. कशेळीच्या सड्यावर प्रचंड हत्ती कोरलाय आणि त्याच्या आत इतर प्राणी. तुमच्या जगातली हरवलेली संस्कृती इथेच सापडेल. चकवाही इथेच ठेवा: खेळाडूंनी सांगितलेली दिशा तुम्ही गुपचूप फिरवायची आणि ते त्यांना कळू द्यायचं नाही.

आता देव, कारण मला सगळ्यात जास्त यातच रस आहे. बऱ्याच काल्पनिक जगांत देव म्हणजे पुजाऱ्याला शक्ती पुरवणारं कोणीतरी दूरचं. कोकणात देव गावाच्या कारभारात बसलेला असतो. त्याला विचारल्याशिवाय मोठं काम होत नाही, आणि विचारायची रीत म्हणजे कौल. मूर्तीला तांदूळ किंवा पाकळ्या लावायच्या, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून गाऱ्हाणं घालायचं, जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, आणि उजवी पडते की डावी ते पाहायचं. उजवी म्हणजे होकार, डावी म्हणजे नकार. फासे टाकणाऱ्या खेळाला याहून चांगली यंत्रणा कुठे मिळणार? मी वीस बाजूंचा फासा वापरतो, अकरा आणि वर म्हणजे उजवी. अट एकच, उत्तर फक्त विचारलेल्या प्रश्नाचं. त्यामुळे प्रश्न नेमका कसा मांडायचा यावर खेळाडू जी डोकेफोड करतात ती पाहण्यासारखी असते. कौल मोडला तर शिक्षा लगेच देऊ नका. पुढच्या बैठकीत रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, रिकामी येऊ दे, विहीर मचूळ होऊ दे.

मालवण तालुक्यात आचऱ्याला गावपळण होते. रामेश्वराचा कौल मिळाला की माणसं गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन तीन दिवस, तीन रात्री राहतात आणि पुन्हा कौल घेऊनच परततात. त्या रात्री रिकाम्या गावात काय चालतं? तुमच्या मोहिमेचा गाभा म्हणून हा एक प्रश्न पुरेल. एखादं पोर मागे राहिलंय, एवढं फक्त जोडा.

दुसरं बीज वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचं. तिथल्या वेतोबाला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. तुमच्या जगातल्या राखणदाराच्या चपला गेले कित्येक महिने झिजलेल्याच नाहीत, असं पुजारी खेळाडूंना हळूच सांगतो. बघा मग ते किती प्रश्न विचारतात.

मात्र ही दैवतं आजही पुजली जातात. खेळात नावं बदला, गावंही बदला, आणि राखणदाराला हिट पॉइंट, म्हणजे किती मार खाल्ला की पात्र पडतं तो आकडा, देऊ नका. त्याच्याशी लढता येत नाही. बोलणी करता येतात, नवस बोलता येतो आणि तो फेडावा लागतो. गिऱ्हा, खवीस वगैरे भुतांना असे आकडे द्या हवे तर, पण प्रत्येकाला त्याची जागा आणि नियम द्या. गिऱ्हा पाण्यापाशीच, पाण्यापासून दूर त्याचं काही चालत नाही, हे खेळाडूंना गावातल्या एखाद्या म्हातारीकडून कळू दे.