बांधकाम सुरू असताना डेड एंड पाइपलाइनच्या टोकाचं पाणी चांगलं कसं ठेवायचं?

तुमची लाइन १५० मिमीची, ३०० मीटर लांब. शेवटी कॅप आहे, म्हणजे डेड एंड, पाण्याला पुढे वाट नाही. पुढचा टप्पा अजून खोदायचाय आणि सध्या दोनच घरं जोडलेली आहेत. टोकाच्या घरात पाण्याला कोंदट वास येतो, सकाळी तांबूस पाणी येतं. रोज दहा मिनिटं तोटी सोडली तर भागेल का, असं विचारलंय. बहुतेक नाही.

१५० मिमी पाइपात मीटरला साधारण १७.७ लिटर पाणी मावतं, म्हणजे तुमच्या लाइनीत ५,३०० लिटर. दोन घरं मिळून दिवसाला १,००० लिटर वापरत असतील तर पाणी पाच दिवस पाइपातच पडून राहतं. शेवटच्या कनेक्शनच्या पुढचा तुकडा तर हलतच नाही. म्हणून वॉशआउट, म्हणजे लाइन धुऊन पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह, अगदी कॅपपाशी हवा, दहा मीटर अलीकडे बसवून उपयोग नाही.

आता डीपीडी किटने (क्लोरिन असेल तर पाणी गुलाबी करणारं किट) मुक्त क्लोरिन, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेला क्लोरिन, मोजा, लाइनीच्या सुरुवातीला आणि टोकाला, जागच्या जागी. बाटली घरी नेऊन मोजलेला आकडा खोटा असतो. टोकाला ०.२ मिग्रॅ/लिटरपेक्षा कमी आलं तर काहीतरी करायलाच हवं. सुरुवातीलाही तेवढंच कमी असेल तर दोष तुमच्या लाइनीत नाही, मागे आहे.

सुरुवातीला क्लोरिन ठीक आणि टोकाला नाही, असं असेल तर एक स्वस्त परीक्षा आहे, आणि ती फारसं कुणी करत नाही. सुरुवातीचं पाणी स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून पाच दिवस अंधारात, पाइपाएवढ्याच तापमानाला ठेवा. बाटलीतलाही क्लोरिन संपला तर कारण पाण्याचं वय, म्हणजे ते किती दिवस पडून आहे ते. बाटलीत टिकला आणि पाइपात संपला तर तो पाइपाच्या भिंतीवरचा गाळ, गंज आणि जंतूंचा थर खातोय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

वय हे कारण असेल तर रोज थोडं पाणी सोडत राहायचं. वय दोन दिवसांवर आणायला दिवसाला २,६५० लिटर जायला हवेत, म्हणजे १,६५० कमी पडतात. मिनिटाला १० लिटर सोडलं तर पावणेतीन तास लागतील. तुमच्या दहा मिनिटांत १०० लिटर जातात. हे पाणी वाया घालवण्यापेक्षा मी ठेकेदाराचं कनेक्शनच टोकाला देईन, क्युरिंगला पाणी लागतंच. फक्त टाकीत पाडणाऱ्या पाइपाचं तोंड टाकीच्या काठापेक्षा पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट तरी वर असू द्या. ड्रममध्ये बुडवलेली नळी म्हणजे लाइनीतला दाब कमी झाला की ड्रममधलं पाणी लाइनीत.

भिंत हे कारण असेल तर अशा बारीक धारेने काहीच निघत नाही. पाइपात सेकंदाला किमान ०.९ मीटर वेग हवा, म्हणजे सेकंदाला १६ लिटर. २०० लिटरचा ड्रम साडेबारा सेकंदांत भरला पाहिजे. एवढं पाणी ५० मिमीच्या वॉशआउटमधून काढायचं तर त्यात वेग सेकंदाला ८ मीटरवर जातो, कमी दाबाला ते जमतच नाही. ८० मिमीचा बसवा. पाइपातलं सगळं पाणी एकदा बदलायला साडेपाच मिनिटं लागतात. दोन ते तीन वेळा तेवढं पाणी जाऊ द्या, मग पुन्हा क्लोरिन मोजा. मागच्या लाइनीतला दाब १.४ बारच्या खाली जाऊ देऊ नका. व्हॉल्व्ह हळू उघडा आणि बंद त्याहून हळू करा. ४ बारला कॅपवर आधीच सुमारे ७०० किलोचा जोर असतो, त्यात झटका बसला तर तात्पुरता थ्रस्ट ब्लॉक (कॅपला टेकू देणारा ठोकळा) सरकतो.

टोकातून ब्लीचिंग पावडर ढकलू नका. थर तसाच राहतो आणि शेवटच्या घराला तीव्र क्लोरिनचं पाणी जातं.

पुढचा १०० मीटरचा टप्पा जोडताना त्यातल्या १,७७० लिटरला २५ मिग्रॅ/लिटर क्लोरिन द्यायला ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट फक्त ६८ ग्रॅम लागतं, मूठमूठ नव्हे. २४ तासांनी निदान १० मिग्रॅ/लिटर उरलं पाहिजे. मग लाइन धुऊन काढा आणि २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन्ही नमुने कोलिफॉर्मरहित (दूषित पाण्याची खूण असलेले जंतू नसलेले) आले तरच जोडा. त्याआधी जुनं टोक पूर्ण वेगाने धुवायला विसरू नका, नाहीतर कॅपमागे साचलेला गाळ पहिल्याच दिवशी नव्या पाइपात जातो.