थंडी, पाऊस आणि वात्सुजी

प्रश्न : कॉलेजात शिकलो तेव्हा जपानी तत्त्वज्ञान म्हणजे झेन, एवढंच कळलं होतं. आता वाचायला घेतलं तर पानोपानी जर्मन नावं. मग यात जपानी ते काय?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : शंका रास्त आहे. ‘तत्त्वज्ञान’ या अर्थाचा ‘तेत्सुगाकु’ हा शब्दच मुळी जपानी विचारवंत निशी आमाने यांनी एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या विद्येसाठी घडवला. क्योतोच्या निशिदा कितारोंनी १९११च्या ग्रंथात ‘शुद्ध अनुभव’ ही कल्पना घेतली अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सकडून, पण पाठीशी त्यांची वर्षानुवर्षांची झाझेनची, म्हणजे झेन पंथातल्या ध्यानाची, बैठक होती. रंग दिसला, सूर कानी पडला. ‘मी पाहतोय, मी ऐकतोय’ हे मनात उमटण्याआधीचा तो क्षण त्यांना धरायचा होता.

माझा जीव मात्र दुसऱ्या एका जपानी तत्त्वज्ञावर, वात्सुजी तेत्सुरोंवर. १९२७ साली ते बोटीने जर्मनीला गेले आणि त्याच वर्षी निघालेला जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचा ‘असणं आणि काळ’ हा ग्रंथ त्यांनी बर्लिनमध्ये वाचला. हायडेगरने माणसाचं असणं काळातून उलगडलं, मग जागेला एवढं कमी महत्त्व का, हा त्यांचा सवाल. ‘फूदो’ (म्हणजे हवा-माती, भोवतालचं हवामान) या १९३५च्या पुस्तकात ते सुरुवात करतात साध्या थंडीपासून. थंडी आधी बाहेर असते आणि मग आपल्याला लागते, असं नाही; ती जाणवते तेव्हा आपण तिच्यातच उभे असतो, आणि एकटे नसतो. म्हणून तर भेटल्या भेटल्या ‘काय थंडी आहे!’ म्हणतो. ‘निंगेन’, म्हणजे माणूस, या जपानी शब्दातलं दुसरं अक्षरच ‘मधलं अंतर’ सांगतं. वात्सुजींनी नीतिशास्त्र त्यावर उभारलं. प्रश्न जर्मनीचा, पण तो घरच्या भाषेत विचारताच त्याचं रूप बदललं. तुम्ही विचारता ते जपानीपण मला इथे दिसतं.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्याशी भांडतो. मोसमी पावसाच्या प्रदेशातला माणूस सोसणारा, निमूट स्वीकारणारा, असं ते लिहितात. आमच्या गोव्यातल्या बोरीच्या खाजनात, म्हणजे नदीकाठच्या खारट सखल शेतजमिनीत, या. खाऱ्या पाण्याला अडवणारा मातीचा बांध आहे, त्यात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारं दार, आहे. भरतीच्या रेट्याने मानशीची लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी नदीत जातं. बांध फुटला की वाड्यावरचे सगळे लोक चिखलात उतरतात. लहानपणी मीही डोक्यावरून मातीची पाटी वाहिली आहे, माझ्यापुढे शेजारचे काका, मागे आई.