एनजीओत एम अँड ईला (मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन, म्हणजे कामावर देखरेख आणि त्याचं मूल्यमापन) लागलोय, दिवसभर एक्सेल भरतो. कार्यक्रम खरंच नीट राबवला जातोय का हे ओळखायचं कसं? त्यासाठी एखादा सर्टिफिकेट कोर्स करू का?

प्रश्न वाचून हसूच आलं, माझीही पहिली दोन वर्षं त्याच रकान्यांत गेली. माझा अनुभव मुख्यतः शौचालयांचा, बीडकडचा, तर त्यावरूनच सांगतो. तुमचं काम पोषणाचं असेल नाहीतर शाळांचं, फसगत साधारण अशीच होते.

स्वच्छ भारत मिशनमध्ये घरामागे 12,000 रुपये मिळायचे. बांधकाम झालं की लाभार्थ्याला शौचालयासमोर उभं करायचं, फोटो, जिओटॅग (फोटोसोबत जागेची नोंद), अपलोड, संपलं. आता यात वाईट काही नाही, बांधलं की नाही एवढं त्यातून बऱ्यापैकी कळायचं. पण आम्ही गावात गेलो तर कुठं आत गोवऱ्या रचलेल्या, कुठं सरपण, एका ठिकाणी तर कुलूपच, म्हणे पाव्हणे आले की उघडतो. फोटोत मात्र सगळी सारखीच दिसायची. म्हणजे बांधलं किती हे मॉनिटरिंगनं कळलं, वापरतात किती हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि तुमच्या एक्सेलमध्येही बहुतेक पहिलाच आकडा असणार, बघा एकदा.

मग आम्ही विचारायला लागलो. "शौचालय वापरता का?" हो. सगळेच हो. आम्ही खूश, रिपोर्ट पण लिहायला घेतला. नंतर डोक्यात प्रकाश पडला की त्या काळात गावागावात गुड मॉर्निंग पथकं फिरायची, पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना गाठून कुठं गुलाबाचं फूल द्यायची, कुठं दंड करायची, आणि अशा वेळी कागद-पेन घेऊन दारात आलेला माणूस म्हणजे पथकाचाच असं समजून कोण कशाला नाही म्हणेल? मग प्रश्न बदलला. घरातल्या एकेका माणसाचं वेगळं विचारायला लागलो, आजोबा आज सकाळी कुठं गेले, सून कुठं गेली, शाळेतला पोरगा कुठं गेला. तेव्हा कळलं की बायका वापरतात, म्हातारे शेतातच जातात. एकाच घरात हो पण आणि नाही पण. एक्सेलमध्ये घराला एकच रकाना होता, त्यात हे बसणार कसं.

तोंडी उत्तरावर भिस्त ठेवायची नाही, डोळ्यांनी बघायचं हेही तिथंच शिकलो. दारापर्यंतची पायवाट मळलेली आहे का गवत वाढलंय, आत बादली आहे का, फरशी ओली आहे का, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आहे का. दोन मिनिटांत कळतं.

माझी सगळ्यात मोठी चूक वेगळीच. आम्ही एक फेरी जानेवारीत केली आणि बंद घरांवर सरळ "वापर नाही" टाकत गेलो. मी तेव्हा नवा होतो, शहरातला, मला कोण सांगणार की दिवाळीनंतर त्या भागातली निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते, कारखान्यावर कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) टाकून राहते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. आमच्यातल्याच एका स्थानिक कार्यकर्तीनं आकडे बघून विचारलं, अहो ही माणसं गावातच नाहीयेत तर वापरतील कशी? लाज वाटली. परत मे महिन्यात गेलो तर माणसं होती पण पाणी नव्हतं, टँकरचं पाणी हंड्यानं आणून शौचालयात कोण ओतणार. तेच घर, तेच शौचालय, पावसाळ्यात उत्तर आणखी तिसरंच. तेव्हा भेट कुठल्या महिन्यात दिली ते आकड्याशेजारी लिहाच.

मोठमोठ्या सर्वेक्षणांचंही हेच होतं. 2018 च्या जुलै ते डिसेंबरमध्ये एनएसओच्या (केंद्राचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय) सर्वेक्षणाची 76 वी फेरी झाली, त्यात देशात ग्रामीण भागातल्या 71.3 टक्के घरांना शौचालयाची सोय असल्याचं निघालं, आणि सरकारचा आकडा तेव्हा नव्वदच्या वर. बराच गदारोळ झाला. पण गंमत म्हणजे त्याच अहवालात एनएसओनं लिहिलंय की योजनेचा लाभ मिळाला का हा प्रश्न आधी विचारला होता आणि शौचालय आहे का हा नंतर, त्यामुळे पुढंमागं काही मिळेल या आशेनं लोकांनी नाही सांगितलेलं असू शकतं. आमच्याकडे दंडाच्या भीतीनं हो, तिकडे लाभाच्या आशेनं नाही! दुसरं म्हणजे सरकारी टक्केवारी 2012 च्या पायाभूत सर्वेक्षणातल्या यादीवर काढलेली. त्यानंतर वेगळं राहायला लागलेले भाऊ, यादीतून सुटलेली घरं, हे सगळे हिशोबाबाहेर. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग एप्रिल 2018 मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला तोही या यादीप्रमाणेच. म्हणून कुणी 100 टक्के म्हटलं की पहिला प्रश्न, कशाच्या 100 टक्के?

आणि ॲपवर फार विसंबू नका. रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी फोटोनं घ्यायची एनएमएमएस ॲपची पद्धत 2023 च्या जानेवारीपासून सक्तीची झाली, दिवसातून दोनदा फोटो. 2025 च्या जुलैमध्ये केंद्राच्या मंत्रालयालाच परिपत्रक काढावं लागलं की फोटोचाच फोटो काढून टाकतायत, कामाशी संबंध नसलेले फोटो टाकतायत. फोटो नसेल तर मजुरी अडकते, मग माणूस कसलातरी फोटो टाकणारच ना.

तुमच्या संस्थेतही बघा, एखाद्या कार्यकर्त्यानं "या गावात काम नीट चालत नाहीये" असं खरं कळवलं तर त्याचं काय होतं? मीटिंगमध्ये झापतात का? तसं असेल तर तुमच्याकडे येणारा डेटा आधीच धुऊन आलेला आहे, कितीही चार्ट काढा.

सर्टिफिकेट कोर्सचं विचारलंत, तर करा की, सॅम्पलिंग, म्हणजे सगळ्यांतून तपासायला मोजकी घरं कशी निवडायची, ते नीट कळेल. पण त्याआधी फॉर्म भरणाऱ्या कुणा ताईंसोबत चार दिवस फिरा, त्यांना न विचारता एकही रकाना वाढवू नका. आणि त्यांनी भरलेल्या शंभरातले दहाएक फॉर्म घेऊन त्याच घरी आठवड्याभरात दुसऱ्या कुणालातरी पाठवून तेच प्रश्न पुन्हा विचारून घ्या. पहिल्यांदा जुळणार नाहीत. कुणावर चिडू नका, बहुतेक वेळा प्रश्नच गंडलेला असतो.