अभिषिक्ताला हिशेब विचारावा का?

प्रश्न : मंडळीत (चर्चमध्ये) कोणी शंका काढली, तर पास्टर ‘माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका’ हे वचन सांगतात आणि विचारणाऱ्याला मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहासारखा बंडखोर ठरवतात. शास्त्रात खरंच असं आहे का?
— एक वाचक, नवापूर तालुका

उत्तर : वचन आहे. स्तोत्र 105 मधलं 15 वं. पण त्याच्या वरच्या तीन ओळीही वाचा. तिथे विषय अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्या मूठभर कुळाचा आहे. परक्या मुलखांत भटकणाऱ्या या लोकांना छळू नका, असं देवाने राजांना दटावलं. म्हणजे ताकीद सत्तेवर बसलेल्याला आहे आणि राखण दुबळ्याची आहे. व्यासपीठावरून ते नेमकं उलटं फिरवलं जातं. दाविदाने शौल राजावर हात टाकला नाही (1 शमुवेल 24), हा दाखलाही हमखास येतो. पण पुढचा भाग गाळतात : गुहेतून बाहेर आल्यावर दाविदाने झग्याचा कापलेला काठ दाखवून राजाला सगळ्यांदेखत जाब विचारला. त्याने जीव घेतला नाही, गप्पही बसला नाही.

कोरहाचं भांडण याजकपदासाठी होतं, पावतीसाठी नव्हतं. उलट त्याच अध्यायात (गणना 16:15) मोशे आपणहून सांगतो की मी यांच्यातल्या कोणाचं एक गाढवही घेतलेलं नाही. न मागता हिशेब दिला त्याने! ‘पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा’ हे इब्री 13:17 फार वापरलं जातं. त्याच वचनात त्या पुढाऱ्यांना हिशेब द्यायचा आहे, हेही लिहिलेलं आहे. बिरुया गावच्या लोकांनी पौलाचा उपदेशसुद्धा रोज शास्त्राशी ताडून पाहिला आणि त्यासाठी त्यांची स्तुती झाली (प्रेषितांची कृत्ये 17:11). अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर अडवलं (गलती 2:11). 1 तीमथ्य 5:19 मध्ये मंडळीच्या वडिलांवरचा (म्हणजे पुढाऱ्यांवरचा) आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय ऐकू नये असं आहे. म्हणजे साक्षीदार असतील तर तो ऐकायला हवा. आणि पाप करणाऱ्यांचा सर्वांसमक्ष निषेध करावा, असं लगेच पुढच्या वचनात आहे.

पास्टरांपुढे हे सगळे संदर्भ एका दमात फेकू नका. एकच वचन घ्या, संपूर्ण अध्याय मोठ्याने वाचायला सांगा आणि थांबा.

प्रश्न : दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) आणि अर्पणाचा हिशेब मागायचा आहे. घरोघर कुजबुज आहे, पण ‘पास्टरले कोन सांगी?’ म्हणून सगळे गप्प. सुरुवात कशी करावी?
— तिघे सभासद, साक्री तालुका

उत्तर : आधी कागद, मग तोंड. मंडळी नोंदणीकृत आहे का ते पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंद असेल तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करून अनुसूची 1 चा उतारा काढा. त्यात विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता दिसते. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. वारलेल्या माणसाचं नाव अजून तसंच असेल तर कारभार कसा चाललाय ते तिथेच कळतं. प्रार्थनाघर ज्या जमिनीवर आहे तिचा सातबारा काढा, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8. अर्पणाच्या पेटीवर क्यूआर कोड चिकटवलेला असेल तर तो स्कॅन करा आणि पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा : मंडळीचं, की पास्टरांच्या मुलाचं? बऱ्याच गोष्टी इथेच उघड होतात.

जमीन आदिवासी सभासदाने ‘देवाच्या कामासाठी’ शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिली असेल तर जास्त जपून. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे बक्षीस म्हणून द्यायलाही सरकारी परवानगी लागते. नुसता स्टॅम्प चालत नाही, आणि उद्या वाद झाला तर सर्वात आधी अडचणीत येतो तो जमीन देणारा.

मग पत्र. पास्टरांच्या नावाने नको, पंचकमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) सेक्रेटरी आणि खजिनदाराच्या नावाने. मागणी छोटी आणि मोजकी : मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि बँक खातं कोणाच्या सहीने चालतं, एवढंच. ट्रस्टचं वर्ष 31 मार्चला संपत असेल तर सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवं, म्हणून ऑक्टोबरनंतर ‘काम चालू आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. दोन प्रती करा, एकीवर तारीख-सही घ्या. सही देत नसतील तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. 30 दिवस थांबा.

अशी प्रकरणं फसण्याची कारणं ठरलेली असतात. उपासनेत उभं राहून विचारलं की प्रश्न बाजूला पडतो आणि ‘उपासना बिघडवली’ एवढंच गावभर होतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पैसे खाल्ले’ लिहिलं की बदनामीची नोटीस तुम्हालाच येते. एकट्याने विचारलं की संध्याकाळी घरी ‘समजवायला’ चार जण येतात. म्हणून तिघांनी सह्या करा, आणि आरोप न करता कागद मागा. तरी दाद लागली नाही तर त्याच 1950 च्या अधिनियमाच्या कलम 41-ड खाली विश्वस्तांविरुद्ध हितसंबंधी व्यक्ती अर्ज करू शकते; न्यायालयात दावा लावायचा तर निदान दोन हितसंबंधी व्यक्ती आणि धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती लागते (कलम 50). मंडळी नोंदलेलीच नसेल तर कागद मिळवणं फार अवघड होतं. तिथे आमचं मत सरळ आहे : पावती मिळेपर्यंत पाकीट खिशातच ठेवा.

प्रश्न : आम्ही कॅथलिक. आमच्याकडे असं विचारता येतं का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : येतं. 1983 च्या कॅनन कायद्यात 212 व्या कलमाने श्रद्धावंतांना आपलं मत धर्मगुरूंना कळवण्याचा हक्क दिला आहे. 537 प्रमाणे प्रत्येक पॅरिशला (फादरांच्या हाताखालच्या स्थानिक चर्चला) अर्थसमिती हवीच. तिच्यात कोण आहेत हे फादरांना विचारा. तिथे अडलं तर नाशिक धर्मप्रांताच्या बिशपांना लिहा.

प्रश्न : हिशेब मागितला म्हणून आमच्या घरी कोणी येत नाही. वारलं तर माती देऊ देणार नाही, मुलीचं लग्न लावणार नाही, असं सांगितलंय.
— एक वाचक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : प्रभुभोजनापासून दूर ठेवणं ही मंडळीची शिस्त आहे असं ते म्हणतील, आणि तेवढ्याच मुद्द्यावर खटला टिकेलच असं नाही. पण दफन अडवणं, लग्नात आडकाठी करणं, लोकांना तुमच्याशी संबंध तोडायला लावणं हा सामाजिक बहिष्कार आहे. त्याविरुद्धचा राज्याचा 2016 चा कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो जातपंचायतीपुरता नाही. धर्मांतराने किंवा धर्मविधींमुळे बांधलेला समाजही त्यात येतो. कोणी, कोणत्या तारखेला, कोणासमोर काय म्हटलं हे वहीत लिहा, मेसेज पुसू नका. तक्रार पोलिसांत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे देता येते. लग्नासाठी विशेष विवाह कायदा, 1954 आहे : नोटीस द्यायची, 30 दिवस थांबायचं, वर किंवा वधू यांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात 30 दिवस मुक्काम हवा.

प्रश्न : मुलाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. ‘गोळ्या म्हणजे अविश्वास’ म्हणून त्या बंद करायला सांगतात. मागच्या वेळी प्रार्थनेनंतर दुखणं थांबलंही होतं.
— एक आई, धडगाव तालुका

उत्तर : ताई, सिकलसेलचा झटका (एकदम उठणारं दुखणं) काही दिवसांत आपणहूनही ओसरतो, म्हणून प्रार्थनेने बरं झाल्याची साक्ष खरी वाटते. आजार मात्र रक्तात तसाच राहतो. हायड्रॉक्सियुरिया ही सिकलसेलची गोळी रोज घेतली तरच झटके कमी येतात. बंद केली की काही आठवड्यांत फायदा जातो. मुलाला पाणी न पिता उपवास-प्रार्थनेला बसवू नका. अंगातलं पाणी कमी झालं की झटका येतो, थंडीतल्या रात्रभराच्या सभेनेही येतो. कोणी वाद घातला तर 1 तीमथ्य 5:23 दाखवा. पोटाच्या आजारासाठी पौल तीमथ्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, गप्प प्रार्थना करत बस म्हणत नाही. ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली किंवा डावीकडे पोट फुगून मूल पांढरं पडलं, तर त्याच तासाला दवाखाना गाठा. सिकलसेलचं कार्ड आणि चालू गोळ्यांची पट्टी सोबत न्या.