बॅटरीची घाई नको, आधी बिलं काढा

घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचे म्हणून तुम्ही थेट वीज साठवायच्या बॅटरीच्या किमती विचारताय, म्हणून आधी थांबवतो. महावितरणची गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि रुपये सोडून युनिट बघा, त्यावरून किती किलोवॅटचे पॅनेल लागतील ते कळेल. आपल्याकडे 1 किलोवॅटचे पॅनेल महिन्याला सरासरी 110-120 युनिट देतात, पावसाळ्यात बरेच कमी. इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल तर तिचीही भर धरा. छोट्या कारला 100 किलोमीटरला 12 ते 15 युनिट लागतात. घरावर सोलर बसवायला केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान 3 किलोवॅटला 78,000 रुपये आहे, त्यापुढे वाढत नाही.

आता बॅटरी. नेट मीटर, म्हणजे दिलेली आणि घेतलेली दोन्ही वीज मोजणारं मीटर, असलं की दुपारची जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला, जाते आणि तुमच्या वापरातून वजा होते. मग साठवायला लाखभर कशाला घालायचे? मात्र पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा साधा ऑन-ग्रिड (बॅटरी नसलेला, लाइनला जोडलेला) इन्व्हर्टर लाइट गेली की बंद पडतो, डोक्यावर कडक ऊन असलं तरी. पॅनेलची वीज बंद लाइनमध्ये जाऊन तिच्यावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. तुमच्याकडे रोज लाइट जात असेल, तरच हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी मला पटते.

स्मार्ट मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं) असेल तर गाडी सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मध्ये चार्जिंगला लावा, तेव्हा दरात सवलत मिळते.

आणि गच्चीवर पाण्याची टाकी असेल तर पॅनेल तिच्या दक्षिणेला घ्यायला सांगा. डिसेंबरात टाकीची सावली उत्तरेला लांबवर पडते, आणि एका पॅनेलवरच्या सावलीनेही सगळ्या ओळीची वीज घटू शकते.